सुट्टीच्या दिवशीच्या तीन तारा

६ नोव्हेंबर

थोरल्या नातवास,

आशीर्वाद आहेतच. ते परत घ्यायची सोय नाही, नाहीतर गेल्या चार वर्षांत एखाद्या वेळी विचार केला असता.

अक्षर तुझ्या आईचं, बोलणं माझं. ती म्हणते, आधी प्रकृतीची चौकशी करा. केली असं समज. खुर्चीवर बसणाऱ्या माणसाला फार तर अपचन होतं.

आता कामाचं. तुझ्या धाकट्या भावाला रेल्वेच्या मुख्य कचेरीतून कागद आला आहे. त्यानं तारेच्या वहीत खोटी नोंद केली असा आरोप आहे आणि चौकशीत तो खरा ठरला तर बडतर्फी. बडतर्फी म्हणजे त्याची नोकरी, नोकरीबरोबर हे क्वार्टर, आणि क्वार्टरबरोबर स्टेशनच्या भिंतीला पाठ लावून पन्नास वर्षं बसलेली मी. तू म्हणशील, आजी, हे मला कशाला सांगतेस, कागद माझ्याच मजल्यावरून निघाला. तेही खरं. पण साहेबलोकांनी सही करण्याआधी वाचलेलं नसतं असं ऐकून आहे, म्हणून सांगते.

गेल्या महिन्याच्या अठरा तारखेला सुट्टी होती. तुमच्या नियमानं सुट्टीच्या दिवशी तारबाबूनं दहा ते बारा यंत्रापाशी बसायचं आणि चार ते सहा बसायचं. मधले चार तास तो मोकळा. मोकळा कसा, तर यंत्राची खटखट ऐकू येईल इतक्याच अंतरावर राहायचं, आणि हाक आली तर पाच मिनिटांत उत्तर द्यायचं. पण ते तास कामात धरायचे नाहीत, कारण त्या वेळात मुख्य कचेरी कोणाला हाक मारतच नाही, असं तुम्ही लिहून ठेवलंय. गाईला दावं बांधायचं आणि कोणी विचारलं तर सांगायचं, चरायला सोडलीय.

हाक मारत नाही म्हणता, पण मारता. लायनीवरच्या सातही स्टेशनांना हे ठाऊक आहे. बाराच्या पुढे आलेली तार घ्यायची, उत्तर द्यायचं आणि विसरून जायचं. वहीत लिहायची नाही. लिहिली की ते काम होतं, आणि काम झालं की सुट्टी मोडल्याचे जादा तास धरावे लागतात. ही रीत तुझ्या आजोबांच्या वेळी नव्हती, तुझ्या बापाच्या वेळी हळूच आली, आणि आता ती जुनी रीत म्हणून मिरवते.

धाकट्यानं त्या दिवशी लेकीला नदीवर नेऊन होडीत बसवायचं कबूल केलं होतं. चार वर्षांची पोर बूट घालून उंबऱ्यात बसली ती चारपर्यंत बसली. बारा चाळीसला पहिली तार आली, सव्वा वाजता दुसरी, दोन वाजून पाच मिनिटांनी तिसरी. तिन्ही एकाच गोष्टीसाठी. मोठ्या साहेबांच्या बदलीचं सामान ज्या डब्यात आहे तो डबा कुठवर पोचला. कपाटांसाठी, बाळा. सामानाच्या यादीत सात कपाटं होती म्हणे.

धाकट्यानं तिन्ही तारा वेळेसकट वहीत लिहिल्या आणि चारही तास जादा धरावेत असा अर्ज केला. तारबाबूंच्या संघटनेनं तो उचलून धरला. त्यावर तुमचं उत्तर असं की मुख्य कचेरीच्या वहीत त्या दुपारी एकाही तारेची नोंद नाही, कचेरी बंद होती, सबब नोंद खोटी. त्या उत्तराला एक दाखला जोडलाय आणि दाखल्यावर तुझी सही आहे. तुझ्या आईनं सही ओळखली. दोनदा बोट फिरवलं तिनं.

लायनीवरची तार सात ठिकाणी वाजते. बाकीच्या सहा स्टेशनांनीही ऐकली असणार. पण साथ आल्यासारखे सहाही जण एकाच दिवशी बहिरे झालेत.

मी तर म्हातारी, त्या दुपारी झोपले होते, काही ऐकलं नाही. म्हणून तुलाच विचारते. अठरा तारखेला बारा ते चार, मुख्य कचेरीत कोण होतं? एवढंच कळव.

तुझी आजी


१४ नोव्हेंबर

थोरल्या नातवास,

तुझं पत्र आलं. पत्र म्हणजे वर छापलेला कागद. तुझ्या आईनं वाचून दाखवला. "उपरोक्त प्रकरण चौकशीअधीन असल्यामुळे तत्संबंधी खाजगी पत्रव्यवहार करणे उचित होणार नाही." मी म्हटलं, पुढे वाच. ती म्हणाली, पुढे सही. मी म्हटलं, मग मागे वाच. तिनं खरंच कागद उलटून पाहिला.

उपरोक्त प्रकरण म्हणजे कोण, तर तुझा भाऊ. लहानपणी त्याच्या बुटाची नाडी तू बांधायचास. तेव्हा त्याला उपरोक्त म्हणत नव्हतास.

मला अक्षर येत नाही हे एका परीनं बरंच आहे. असले शब्द मी फक्त कानानं ऐकते, डोळ्यांना त्रास होत नाही. पण तुझी आई तो कागद उशीखाली ठेवून झोपते. मी विचारलं, "त्यात काय आहे ठेवण्यासारखं?" म्हणाली, "पत्ता त्यानं स्वतः लिहिलाय." पाकिटावरचा पत्ता. चार वर्षांत तिच्या वाट्याला तुझं तेवढं अक्षर आलं.

आता राग आलेलाच आहे तर पुरता ऐक. परवा तुमचा निरीक्षक आला होता. चांगला माणूस, चहा दोनदा घेतला. धाकट्याला म्हणाला, "कशाला ताणतोस? नजरचुकीनं वेळ चुकली असं दोन ओळी लिहून दे. ताकीद देतील, सोडून देतील."

"वेळ चुकली नाही."

"अरे, मला माहीत आहे."

"तुम्हाला माहीत आहे तर तुम्ही लिहून द्या."

निरीक्षक हसला. म्हणाला, "माझी तीन वर्षं राहिलीत निवृत्तीला."

धाकटा म्हणाला, "माझी सत्तावीस राहिलीत. त्यातल्या सगळ्या सुट्ट्या मी या भिंतीपाशी कुत्र्यासारखा बसून काढायच्या, आणि वर लिहून द्यायचं की मी होडीत होतो?"

निरीक्षक माझ्याकडे वळला. म्हातारी माणसं भित्री असतात, असं त्याला कोणी तरी शिकवलं असावं. "आजी, तुम्ही तरी सांगा याला. डोक्यावरचं छप्पर जाईल."

मी म्हटलं, "छप्पर गळतंच आहे. तीन अर्ज दिले. तुम्ही काढून नेणार असाल तर निदान कौलं मोजून न्या, मागचे साहेब मोजायला येतो म्हणाले होते."

तो गेला. गेल्यावर मात्र मी ट्रंक उघडून काय काय न्यावं लागेल ते पाहिलं, ते तुला सांगते. त्याच्यासमोर नाही उघडली.

तुझ्या बापाची आठवण करून देणार नव्हते, पण देते. एकवीस वर्षं तारेचा खटका वाजवला त्यानं. त्याच्या सुट्ट्या मोजायला मला दोन हातांची बोटं पुरतात. बहिणीचं लग्न लागत होतं तेव्हा तो या भिंतीपलीकडे कोळशाच्या डब्यांचे आकडे घेत होता. तापात होता तेव्हाही तुझी आई खुर्चीमागे उभी राहून त्याच्या पाठीला उशी धरत होती. तो कधी बोलला नाही, म्हणून तुम्हाला वाटलं की असंच चालतं. न बोलणाऱ्याच्या पाठीवर नियम फार सोपे बसतात. तू त्याच पाठीवर बसून शाळेत गेलास आणि शिकून आलास तो नियम करायलाच.

आणखी एक. मागच्या पत्रात मी खोटं सांगितलं. मी त्या दुपारी झोपले नव्हते. भिंतीला टेकून डाळ निवडत होते आणि तिन्ही तारा मी ऐकल्या.

चौकशी पंचवीस तारखेला, तुमच्याच इमारतीत, खालच्या मोठ्या खोलीत आहे. त्याआधी ये. नाहीतर खाली तरी ये.

तुझी आजी

(बाळ, हे मी माझ्या मनानं लिहिते आहे. त्यांनी सांगितलेलं शेवटचं एक वाक्य मी गाळलं आहे. माझ्यानं लिहवलं नाही. त्यांना भास झाला असेल. वेळेवर जेवत जा. — आई)


२० नोव्हेंबर

थोरल्या नातवास,

मागच्या पत्रात सूनबाईनं एक वाक्य गाळलं. मला कसं कळलं? मी बोलत होते आणि टाक चालत नव्हता. कागदावर टाक चालला की कुरकुर होते. मला अक्षर येत नसलं तरी कान आहेत, आणि या घरात कानांनीच दिवस काढलेत मी. विचारलं तेव्हा ती म्हणाली, "शाई संपली होती." शाई संपली होती तर खाली पुढे काय खरडत होतीस? ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. आईनं पोराला चोरून काही लिहिलं तर त्यावर ताकीद देणारी मी कोण.

पण आज ते वाक्य आधी. सूनबाई, लिही. मी कुरकुर ऐकते आहे.

त्या दुपारी मुख्य कचेरीतून खटका वाजवत होतास तो तू.

लिहिलं तिनं. वेळ लागला, पण लिहिलं.

आता तू म्हणशील, तारेची भाषा न येणाऱ्या बाईनं हे कुठल्या आधारावर म्हणावं. भाषा मला येत नाही. आमच्या स्टेशनची हाक येते, गाडी सुटल्याची खूण येते, आणि तिसरं येतं ते हात. पन्नास वर्षं एका भिंतीला पाठ लावून बसल्यावर पलीकडचं बोलणं कळो न कळो, आवाज कुणाचा ते कळतंच. पुढच्या स्टेशनवरचा तारबाबू प्रत्येक ठोका लांबवतो. त्याला आम्ही लांबण म्हणतो, पाहिला मात्र कधीच नाही. एक जण होता, खोकला आला की ठोक्यांतही खोकायचा. तो मेला त्या दिवशी इथे कोणी सांगायच्या आधी मला कळलं होतं, कारण त्याच्या जागी कोणी तरी बदली बसला होता आणि फार सरळ वाजवत होता.

तुझा हात तर जन्माला येताना मी ऐकलाय. तू नऊ वर्षांचा होतास, सिग्नलच्या शिडीवरून पडलास, उजवं मनगट मोडलं. तुझा बाप तेव्हा तुम्हा दोघांना ताटलीवर चमचा आपटून तार शिकवत होता. तुला धीर नव्हता. डाव्या हातानं शिकलास. पुढे उजवा बरा झाला तरी खटक्यावर डावाच राहिला. तीन ठोके सरळ पडतात, चौथ्याआधी जरा दम घेतोस, मग पुढचे घाईनं टाकतोस, उशिरा आल्यासारखे. लायनीवर असा दुसरा हात नाही.

कचेरीतल्या तारबाबूंना तुम्ही सुट्टी दिलीत. त्यांचे तास धरावे लागले असते. मग मोठ्या साहेबाला कपाटांची काळजी लागली आणि खटका येणारा साहेब त्या मजल्यावर एकच होता. तार कोणी पाठवली त्याची जी खूण शेवटी द्यायची असते, ती तू सुट्टीवर असलेल्या कारकुनाची दिलीस. हे मला धाकट्यानं वही वाचून दाखवली तेव्हा कळलं. त्यानं खूण उतरवून घेतलीय आणि तो कारकून त्या दिवशी गावातच नव्हता, म्हणून तर नोंद खोटी ठरतेय. खूण दुसऱ्याची देता येते रे. हात कसा देणार?

तू वाईट आहेस असं मी म्हणत नाही. भित्रा आहेस, तेही आजचा नाही. तुला मोठ्या साहेबाला नाही म्हणता आलं नाही. नंतर तुला विचारलं, त्या दुपारी तार गेली का? हो म्हणालास तर तूच केलेला नियम तूच मोडलास असं होतं. म्हणून नाही म्हणालास. एक नाही म्हणायला घाबरलास आणि भलतीकडे नाही म्हणून बसलास.

धाकट्याला मी सांगितलेलं नाही. त्यालाही ते ऐकू आलं असेलच, तो तर यंत्रासमोर बसला होता. पण तो तुझं नाव घेत नाही. काल संघटनेचा चिटणीस आला होता, फार ओरडतो तो, त्यानं टेबलावर मूठ आपटून विचारलं, "कोणाचा हात होता, तू ओळखला असशील." धाकटा म्हणाला, "खूण लिहिली आहे. माझं काम खूण लिहायचं." चार वर्षांपूर्वी ही रीत तू नियम म्हणून कागदावर आणलीस तेव्हा तुला घड्याळचोर म्हणाला होता तो, आणि तेव्हापासून तू घरी आला नाहीस. आज नोकरी चाललीय आणि तोंड शिवून बसलाय.

माझाही दोष आहे, तो सांगते. "खटक्यावर आयुष्य घालवू नकोस, वर जा," हे तुला मीच म्हणाले होते. वर गेल्यावर खालच्यांचं काय करायचं ते सांगायला विसरले. मला वाटलं होतं ते न सांगता कळतं.

पंचवीसला मी येणार आहे. चिटणीसानं माझं नाव साक्षीदारांत घातलंय. तुझी आई मला धरून आणायला येते आहे, ती साक्ष देणार नाही. मला विचारतील तेव्हा मी काय बोलेन ते मला माहीत नाही, हे खरं. तू माझ्याआधी खाली उतरलास तर मला बोलावं लागणार नाही.

तुझी आजी


२६ नोव्हेंबर

थोरल्या नातवास,

तू उतरला नाहीस.

आम्ही तासभर आधी आलो होतो. शिपायाला विचारलं, तो म्हणाला, "दुसरा मजला, जिन्यासमोर, पण साहेब आज कुणाला भेटत नाहीत." तरी तुझी आई वर आली होती. दारावर तुझी पाटी आहे म्हणे. ती वाचून, हातानं पाटीवरची धूळ पुसून खाली आली. दार वाजवलं नाही. तुला पावलं ऐकू आली असतील तर ती तिची होती.

खालच्या खोलीत काय झालं ते तुझ्यापर्यंत तुकड्यातुकड्यानं पोचलं असेल. मी सबंध सांगते.

टेबलामागे तिघं बसले होते. मधला चष्मेवाला, तो अध्यक्ष. बाकांवर लायनीवरचे तारबाबू. लांबण मी प्रथमच पाहिला. एवढासा माणूस आहे. इतके लांब ठोके कुठून काढतो कोण जाणे. धाकट्याला उभं केलं. त्यानं वही दाखवली. तुमच्या वकिलानं तुझा दाखला वाचला. मग मला बोलावलं आणि वकिलाला फार मजा वाटली.

"आजी, तुम्हाला लिहितावाचता येतं?"

"नाही."

"मग तार कशी समजते?"

"तार समजते असं मी कुठे म्हटलं? आवाज समजतो. तुम्ही बाहेर व्हरांड्यात मघाशी बोलत होतात, 'म्हातारीला दोन मिनिटांत गुंडाळतो' म्हणून. तो आवाज तुमचा होता ना?"

बाकांवर हसले. अध्यक्ष हसला नाही, पण त्यानं चष्मा काढून पुसला. म्हणाला, पाहूच. फळीच्या आडोशामागे खटका ठेवला. तीन कारकून एकामागून एक वाजवतील, मग पुन्हा उलटसुलट वाजवतील, मी ओळखायचं. मी डोळे मिटले. पहिला वाजला, दुसरा वाजला, तिसरा वाजला. अध्यक्षानं विचारलं, "तिन्ही हात ध्यानात आले? आता उलटसुलट वाजवू द्यायचं?"

मी म्हटलं, "वाजवू द्या, पण तुम्ही तिघं म्हणालात. आत दोघंच आहेत. तिसऱ्यांदा पहिलाच आला, आणि आता जपून हात टाकतोय, परीक्षेला बसल्यासारखा."

फळी बाजूला केली. दोघंच होते. वकिलानं केलेली गंमत होती. ती त्याच्याच अंगाशी आली. त्यानं कागद चाळायला घेतले.

मग अध्यक्षानं हळू आवाजात विचारलं, "त्या दिवशीच्या तीन तारांचा हात तुम्ही ओळखलात?"

"ओळखला."

"कोणाचा?"

बाळा, मी आयुष्यात गप्प बसले असे प्रसंग तुला माहीत आहेत का? मलाही आठवत नाहीत. घरून निघताना ठरवलं होतं, सांगायचं. गाडीत ठरवलं, सांगायचं. तुझं नाव जिभेपर्यंत आलं आणि तिथेच बसून राहिलं. धाकटा माझ्याकडे पाहून मान हलवत होता, नको म्हणून. ज्याची नोकरी जायची तो नको म्हणतो, आणि ज्यानं घालवली तो वरच्या मजल्यावर बसलेला. मला इतका संताप आला की वर छताकडेच बघत राहिले.

अध्यक्ष म्हणाला, "आजी, उत्तर नसेल तर तसं लिहून घेतो."

तेव्हा मागे बाक सरकल्याचा आवाज झाला. तुझी आई उभी राहिली होती.

पुढचं तिचं बोलणं मी तिच्याच हातून लिहवून घेतेय. ती मघापासून मान खाली घालून लिहिते आहे आणि मी तिच्याकडे पाहत नाही.

ती म्हणाली, "तो माझा थोरला मुलगा होता. याच इमारतीत बसतो. दाखल्यावर सही आहे तोच."

वकील उठला, यांचं नाव साक्षीदारांत नाही म्हणून. अध्यक्षानं त्याला बसवलं. विचारलं, "बाई, तुम्हालाही हात ओळखता येतात?"

"सगळे नाही. हा एक येतो. याचं मनगट मोडलं होतं तेव्हा मी त्याला भरवायचे आणि तो डाव्या हातानं ताटलीवर चमचा वाजवत राहायचा. दोन महिने."

"त्या दिवशी तुम्ही कुठे होता?"

"अंगणात चादरी वाळत घालत होते. पहिली हाक आली आणि चादर हातातच राहिली. चार वर्षांत त्यानं घरी दोन शब्द पाठवले नाहीत. मी तिथेच उभी राहिले, पुन्हा वाजेल म्हणून. पुन्हा वाजलं. मग तिसऱ्यांदा वाजलं. दोन वाजून गेले तरी मी उभी होते." मग म्हणाली, "तो कपाटं कुठे पोचली विचारत होता, ते मला नंतर कळलं. मला वाटलं, आम्ही कसे आहोत ते विचारतोय."

मग लांबण उभा राहिला. म्हणाला, "सव्वाची तार मीही ऐकली आहे. मीही यंत्रापाशी होतो. आजवरच्या सगळ्या सुट्ट्यांना होतो." त्याच्यामागून आणखी दोघं उठले. बहिरेपण त्या क्षणी बरं व्हायला लागलं. मग उरलेले तिघंही उठले, शेवटचा जरा उशिरा, इकडेतिकडे पाहून.

चष्मेवाल्यानं दोन्ही बाजूंच्या माणसांशी कुजबुज केली आणि सांगितलं की नोंद खरी धरली आहे, आरोप काढून घेतला आहे. मधल्या वेळेच्या तासांचा प्रश्न सातही स्टेशनांसाठी वर पाठवतो. वर म्हणजे कुठे ते तो म्हणाला नाही. तुमच्याकडे वर फार मजले असतात. चिटणीस पुन्हा मूठ आपटणार आहे, तो ते पाहून घेईल.

धाकटा बाहेर येऊन पायरीवर बसला. मी म्हटलं, "चल, आता तरी हस." म्हणाला, "आजी, आईला कशाला बोलू दिलंस?" जणू मी दिलं. तुझ्या आईनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "गाडी चुकेल."

आता तुझं. आईचं बोलणं त्यांनी तिथेच लिहून काढलं आणि तिची सही घेतली. दाखला खोटा कसा निघाला त्याची वेगळी चौकशी लागली आहे. तुला बोलावतील, तो कागद तुझ्यापुढे ठेवतील आणि विचारतील, हे खरं का. तिथे तू साहेब म्हणून काय काय उत्तरं देऊ शकशील ती मला ठाऊक आहेत. म्हातारीच्या कानांचा काय भरवसा, आयांना भास होतात, हात म्हणजे काही पुरावा नव्हे. यातलं प्रत्येक उत्तर नियमात बसेल. पण धाकट्याचं आता सुटलंय. बाकीचे सहा जण आपापलं बोलतील. तुझ्यापुढे प्रश्न एकच उरतो, तुझ्या आईनं भरल्या खोलीत उभं राहून सांगितलं ते खरं की खोटं. हो म्हणालास तर खुर्ची जाईल. नाही म्हणालास तर खुर्चीवर बसून राहा, फक्त मग पाटी पुसायला दुसरं कोणी तरी बघ.

मला उत्तर पाठवू नकोस. ते तिथे दे.

चौकशी सोमवारी ठेवली आहे. धाकट्यानं तारखा पाहिल्या, त्या दिवशी सुट्टी आहे. सुट्टीच्या दिवशी बोलावून तास धरणार नसतील तर तसं आधी विचारून घे, आणि धरणार असतील तर आल्याची वेळ आणि सुटल्याची वेळ स्वतःच्या हातानं वहीत लिही. डाव्या काय, उजव्या काय, पण खरी लिही.

तुझी आजी